बाहेरचे लेखक आणि संपादकाची जबाबदारी

मराठी नियतकालिकांचा इतिहास आजवर बहुधा संपादकांच्या चरित्रांच्या रूपानें लिहिला गेला आहे. दर्पण म्हटलें कीं बाळशास्त्री, प्रभाकर म्हटलें कीं भाऊ महाजन, केसरी म्हटलें कीं टिळक, अशी नांवांची सांगड वाचकांच्या मनांत पक्की बसलेली आहे. ती चुकीची नाहीं, पण अपुरी आहे. कोणतेंहि पत्र एकाच हातानें फार दिवस चालत नाहीं. त्यांत बाहेरच्या माणसांचा मजकूर येतो. कोणी पत्र लिहितो, कोणी कविता पाठवितो, कोणी घरांतील जुना कागद आणून देतो, कोणी आंतली बातमी पुरवितो. हा मजकूर घ्यावा कीं न घ्यावा, घेतल्यास कोणाच्या नांवानें घ्यावा, त्यांतील विधानांस जामीन कोण, आणि संकट आल्यास तें कोणी सोसावें, हे प्रश्न प्रत्येक संपादकापुढें उभे राहिले. त्यांचीं उत्तरें प्रत्यक्ष घडलेल्या प्रसंगांतूनच शोधावीं लागतात. १८३२ पासून पुढील सुमारें शंभर वर्षांतील कांहीं ठळक प्रसंग एकत्र ठेवून त्यांवरून काय निष्पन्न होतें तें पाहावें, हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

हा प्रश्न केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा नव्हे. जुन्या फायली चाळून अमक्याचें मत अमुक होतें असें आपण ठरवीत असतों. तें ठरवितांना पाहुण्याचें बोलणें यजमानाच्या तोंडीं घातलें गेलें, किंवा यजमानाचें पाहुण्याच्या, तर दोघांवरहि अन्याय होतो. आणि मृत माणसांस त्याचें निराकरण करतां येत नाहीं.

१. पत्र हें पाहुण्याचें आसन

बाळशास्त्री जांभेकर यांनीं ६ जानेवारी १८३२ रोजीं मुंबईंत दर्पण काढलें. तें प्रथम पाक्षिक होतें व त्याच वर्षीं साप्ताहिक झालें. एका स्तंभांत इंग्रजी व दुसऱ्यांत मराठी अशी त्याची मांडणी होती. लोकांस मोकळेपणानें व जाहीरपणें चर्चा करण्यास एक क्षेत्र मिळावें, हा त्याच्या उद्देशांपैकीं एक उद्देश होता. असा उद्देश धरला म्हणजे बाहेरच्या माणसास दार उघडावेंच लागतें. हें दार ‘पत्र’ या रूपानें उघडलें गेलें. संपादकाचा लेख तो पत्राचा अभिप्राय, आणि वाचकाचें पत्र तो त्या वाचकाचा अभिप्राय, हा भेद त्या रूपानेंच दाखविला जाई. त्यासाठीं वेगळा खुलासा छापण्याचें कारण नव्हतें.

या सोयीचा पुरा उपयोग पुढें प्रभाकरांत झाला. दर्पणाच्या कामांत हातभार लावलेले गोविंद विठ्ठल कुंटे ऊर्फ भाऊ महाजन यांनीं २४ ऑक्टोबर १८४१ रोजीं प्रभाकर साप्ताहिक सुरू केलें. त्यांत १८४८ पासून १८५० पर्यंत ‘लोकहितवादी’ या नांवानें गोपाळ हरि देशमुख यांचीं पत्रें आलीं. पुढें तीं शतपत्रें म्हणून प्रसिद्ध झालीं. त्यांची संख्या १०८ आहे. दोन वर्षांच्या आसपासचा काळ धरला तर साप्ताहिकाच्या जवळजवळ प्रत्येक अंकास एक पत्र असा हिशेब पडतो. म्हणजे देशमुख हे अधूनमधून डोकावणारे वाचक नव्हते. ते पत्रांत ठरलेली जागा असणारे लेखक होते. तरीहि त्यांचें आसन शेवटपर्यंत पाहुण्याचेंच राहिलें.

असें कां झालें याचा विचार करण्यासारखा आहे. देशमुखांचें वय तेव्हां पंचविशीचें होतें व ते सरकारी नोकरींत होते. ब्राह्मणांची पोकळ विद्वत्ता, स्त्रियांची स्थिति, पेशवाईच्या अखेरचा कारभार, इंग्रजांपासून घेण्यासारखे गुण, अशा विषयांवर ते तिखट भाषेंत लिहीत होते. हें सारें अग्रलेखांत आलें असतें तर प्रभाकर म्हणजे एका मताचें पत्र ठरून त्याचे पुष्कळ वाचक तुटले असते. तेंच पत्राच्या रूपानें आल्यामुळें तीन कामें एकदम साधलीं. लेखकाची नोकरी व घर यांस टोपणनांवाचें आवरण मिळालें. संपादकास, हें आमच्या एका पत्रलेखकाचें म्हणणें आहे, असें सांगण्यास जागा राहिली. आणि विरुद्ध मत असणाऱ्या वाचकास त्याच पत्रांत उत्तर लिहिण्याचा मार्ग मोकळा राहिला. भाऊ महाजनांचें कौशल्य यांत आहे कीं त्यांनीं पाहुण्यास घराबाहेर ठेवलें नाहीं, आणि घराचा मालकहि होऊं दिलें नाहीं.

शतपत्रांतील एखादें वाक्य घेऊन ‘प्रभाकराचें मत असें होतें’ असें लिहिणाऱ्यांनीं ही मांडणी लक्षांत घ्यावयास हवी. पत्र छापणें म्हणजे त्याशीं सहमत असणें नव्हे. मात्र दोन वर्षें सातत्यानें छापणें म्हणजे उदासीन असणेंहि नव्हे. संपादकाची भूमिका या दोहोंच्या मधली होती, आणि ती तशीच नोंदली पाहिजे.

२. एकहातीं माळ आणि अनेकांचा विस्तार

बाहेरच्या लेखकांस जागा द्यावयाचीच नाहीं, असाहि एक मार्ग होता. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७४ च्या जानेवारींत काढलेली निबंधमाला ही त्या मार्गाची सर्वांत मोठी साक्ष होय. सात वर्षांत तिचे ८४ अंक निघाले व त्यांतील जवळजवळ सारा मजकूर एकट्या विष्णुशास्त्र्यांचा आहे. भाषेची एकसारखी ठेवण, मतांची सलगता आणि वाचकाच्या मनावर बसणारी पकड, हे त्या एकहातीपणाचे गुण होत. पण ती पद्धत स्वीकारली कीं लेखकाचा हात थांबला म्हणजे माळ थांबते. विष्णुशास्त्री दुसऱ्या उद्योगांत गुंतले व १८८१ मध्यें माला संपली. पुढच्याच वर्षीं, मार्च १८८२ मध्यें, ते स्वतःहि वारले.

याच्या उलट विविधज्ञानविस्ताराचें उदाहरण आहे. रामचंद्र भिकाजी गुंजीकर यांच्या संपादनाखालीं हें मासिक १८६७ मध्यें मुंबईंत निघालें व १९३७ पर्यंत चाललें. गुंजीकरांची ‘मोचनगड’ ही कादंबरी त्यांतच क्रमशः आली. म्हणजे संपादकानें स्वतः लिहावयाचें सोडलें नव्हतें. परंतु मासिकाची घडी एका लेखकावर बसविलेली नव्हती. संपादक बदलले, लेखकांच्या पिढ्या बदलल्या, तरी सत्तर वर्षें तें टिकलें. या दोन पद्धतींत कोणती श्रेष्ठ हा प्रश्न निरर्थक आहे. मालेनें मराठी गद्यास जें दिलें तें विस्तारानें दिलें नाहीं, आणि विस्तारानें जो संग्रह केला तो मालेस करतां आला नसता. मात्र आयुर्मानाचा प्रश्न असेल तर उत्तर उघड आहे.

याच काळांत आणखी एका जातीचे पाहुणे मराठी मासिकांत आले, आणि इतिहासाच्या अभ्यासकांस ते विशेष जवळचे आहेत. १८७८ मध्यें विष्णुशास्त्री चिपळूणकर, जनार्दन बाळाजी मोडक व काशिनाथ नारायण साने यांनीं काव्येतिहाससंग्रह काढला. तो १८८८ पर्यंत चालला. येथें लेखक शेंदोनशें वर्षांपूर्वीं मेलेले होते, आणि त्यांचे कागद घरोघरच्या दप्तरांत पडले होते. सभासदाची बखर सान्यांनीं संपादून छापली ती याच संग्रहांत. जिवंत लेखकाचें एखादें वाक्य संपादकानें बदललें तर तो तक्रार तरी करतो. मृत बखरकारास ती सोय नाहीं. त्यामुळें संपादकाच्या हाताचा संयम येथें सर्वांत अधिक लागतो. कागद जसा आहे तसा छापावा व आपलें म्हणणें टीपेंत वेगळें मांडावें, ही जी शिस्त पुढें मराठी इतिहास-संशोधनांत रूढ झाली, तिचें मूळ पाहुण्याच्या शब्दास हात न लावण्याच्या या संपादकीय मर्यादेंत आहे.

३. आलेला मजकूर आणि त्याची परीक्षा

पाहुण्यानें आणलेली वस्तु खरी कीं खोटी याची परीक्षा न झाल्यास काय होतें, याचें उदाहरण केसरीच्या दुसऱ्याच वर्षीं घडलें. केसरी जानेवारी १८८१ मध्यें सुरू झाला तेव्हां गोपाळ गणेश आगरकर हे त्याचे संपादक होते, व मराठा या इंग्रजी पत्राचे बाळ गंगाधर टिळक. त्या सुमारास कोल्हापूरचे छत्रपति चवथे शिवाजी यांचा छळ होत असल्याची बोलवा होती व ठपका दिवाण माधवराव बर्वे यांजवर ठेवला जात होता. बर्व्यांचीं म्हणून कांहीं पत्रें पुढें आलीं व त्यांवर विसंबून या दोन्ही पत्रांतून लिहिलें गेलें. बर्व्यांनीं अब्रुनुकसानीची फिर्याद केली. तीं पत्रें बनावट ठरलीं. जुलै १८८२ मध्यें टिळक व आगरकर यांस प्रत्येकीं चार महिन्यांची शिक्षा झाली व मुंबईच्या डोंगरीच्या तुरुंगांत त्यांनीं १०१ दिवस काढले. आगरकरांनीं त्या दिवसांचें वर्णन स्वतंत्र पुस्तकांत केलें आहे.

या खटल्याकडे बहुधा दोघां तरुणांच्या धैर्याची पहिली कसोटी म्हणून पाहिलें जातें, व तें योग्यच आहे. पण संपादनाच्या दृष्टीनें त्यांतील धडा निराळा आहे. संपादकांचा हेतु शुद्ध होता. एका असहाय राजपुरुषाची बाजू घेण्यांत त्यांचा कांहींच स्वार्थ नव्हता. तरी न्यायालयापुढें प्रश्न हेतूचा उरला नाहीं, कागदाचा उरला. कागद ज्यानें केला तो निराळा, ज्यांनीं पुरविला ते निराळे, आणि तुरुंगांत गेले ते ज्यांनीं छापून त्यावर भिस्त ठेविली ते. बनावट कागद संशोधकाच्या हातीं आला तर त्याची फार तर अप्रतिष्ठा होते; संपादकाच्या हातीं आला तर याहून पुष्कळ जड किंमत पडते. कागदाचें मूळ पाहिल्याशिवाय त्यावर विधान करूं नये हा नियम दोघांसहि सारखाच लागू आहे, ही गोष्ट १८८२ च्या या प्रकरणानें ठसठशीतपणें दाखविली.

याच केसरींत पुढें एक चमत्कारिक स्थिति उत्पन्न झाली. सामाजिक सुधारणेविषयीं आगरकरांचीं मतें व सहकाऱ्यांचीं मतें यांत अंतर पडत गेलें, तें इतकें कीं संपादकच आपल्या पत्रांत पाहुणा ठरावा. १८८७ मध्यें आगरकरांनीं केसरी सोडला, आणि ऑक्टोबर १८८८ मध्यें सुधारक सुरू केला. त्याच्या इंग्रजी भागाचें काम गोपाळ कृष्ण गोखले पाहूं लागले. १८८१ ते १८८७ च्या केसरींतील निनांवी लेख वापरणाऱ्यांनीं हा इतिहास डोळ्यांआड करूं नये. त्या सात वर्षांचे अग्रलेख एका मनाचे नाहींत. आणि पुढें ज्यांच्या नांवाशीं केसरी एकरूप झाला त्यांच्या खात्यावर ते सरसकट मांडणें तर मुळींच योग्य नव्हे.

४. नांव एकाचें, शिक्षा दुसऱ्यास

आतां कायद्याकडे वळूं. १८६७ च्या पंचविसाव्या कायद्यानें मुद्रक व प्रकाशक यांचीं नांवें छापणें व त्यांनीं तसें प्रतिज्ञापत्र करून देणें आवश्यक झालें. संपादकाचें नांव छापण्याची सक्ति मात्र १९२२ च्या दुरुस्तीनें आली. (हा कायदा पुढें स्वतंत्र भारतांतहि चालू राहिला, २०२३ च्या नव्या कायद्यानें त्याची जागा घेतली.) १८७० मध्यें राजद्रोहाचें कलम दंडविधानांत आलें. या सर्वांचा परिणाम असा कीं, लेख कोणीं लिहिला हें शोधण्याची सरकारास फारशी गरज उरली नाहीं. ज्याच्या ताब्यांत पत्र त्याच्यावर खटला, हें सोपें व खात्रीचें साधन हातीं आलें.

१५ जून १८९७ चा केसरीचा अंक या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. त्यांत शिवाजी-उत्सवाचा वृत्तांत होता. त्या वृत्तांतांत प्रो. भानु यांच्या अफझलखान-वधावरील व्याख्यानाचा सारांश होता, व अध्यक्ष या नात्यानें टिळकांचें भाषण होतें. शिवाय ‘शिवाजीचे उद्गार’ ही कविता होती. तिच्याखालीं कवीचें नांव नव्हतें, भवानी तलवारीचा केवळ निर्देश होता. म्हणजे एकाच अंकांत संपादकाचे स्वतःचे शब्द, दुसऱ्याच्या तोंडचे वृत्तांतरूप शब्द आणि निनांवी कवीचे शब्द असे तीन प्रकार एकत्र आले. पुढें एका आठवड्यांत रँड यांजवर गोळी झाडली गेली, व जुलैच्या अखेरीस टिळकांस अटक झाली. मुंबईच्या हायकोर्टांत न्यायमूर्ति स्ट्रॅची यांच्यापुढें खटला चालून, नऊ ज्यूरींपैकीं सहा विरुद्ध तीन अशा मतानें ते दोषी ठरले व १४ सप्टेंबर १८९७ रोजीं त्यांस अठरा महिन्यांची शिक्षा झाली. त्यांजबरोबर आरोपी असलेले मुद्रक सुटले. वरील तीन प्रकारांचा भेद कायद्यानें पाहिला नाहीं. पाहुण्याचा शब्द छापला कीं तो यजमानाचा शब्द, हें सूत्र त्यानें धरलें.

दुसरें उदाहरण कोल्हापूरचें आहे. प्रो. विष्णु गोविंद विजापूरकर यांच्या विश्ववृत्त मासिकांत १९०८ मध्यें ‘वैदिक प्रार्थनांची तेजस्विता’ हा लेख आला. त्याचे लेखक श्रीपाद दामोदर सातवळेकर हे संपादक-मंडळाबाहेरचे होते. लेखाचा विषय वेदमंत्रांचा अर्थ हा होता. परंतु १९०८ हें वर्ष असें होतें कीं मंत्रांतील शत्रुनाशाच्या प्रार्थनेंतहि सरकारास राजद्रोह दिसला. विजापूरकर व त्यांचे सहकारी वामन मल्हार जोशी यांस तीन तीन वर्षांचा कारावास भोगावा लागला. जोश्यांनीं पुढें ‘रागिणी’ लिहिली म्हणून मराठी वाचक त्यांस कादंबरीकार म्हणून ओळखतो. पण दुसऱ्याच्या लेखासाठीं आयुष्याचीं तीन वर्षें दिलेला माणूस, ही त्यांची ओळखहि विसरण्यासारखी नाहीं.

५. नकार आणि त्याचा अर्थ

इतकी जोखीम यजमानाच्या शिरीं असतांना त्यानें कधीं नाहीं म्हटलें तर त्यास काय म्हणावें? या प्रश्नाचें सर्वांत अवघड उदाहरण दीनबंधूचें आहे. कृष्णराव भालेकर यांनीं १८७७ मध्यें पुण्यांत काढलेलें हें पत्र १८८० पासून मुंबईंत नारायण मेघाजी लोखंडे चालवूं लागले. जोतीराव फुले हे या चळवळीचे प्रवर्तक; त्यांच्याच विचारांवर हें पत्र उभें होतें. १८८३ मध्यें जोतीरावांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथाचीं पहिलीं दोन प्रकरणें दीनबंधूंत छापलीं गेलीं, आणि पुढचीं छापण्याचें लोखंड्यांनीं नाकारलें. जोतीरावांस याचा संताप आला व तो त्यांनीं ग्रंथांतच कडक शब्दांत नोंदला. आपल्यांतहि भित्रे छापणारे आहेत असा त्याचा आशय आहे. संपूर्ण ग्रंथ त्यांच्या हयातींत छापून निघाला नाहीं.

येथें घाईनें निकाल देण्याचा मोह आवरला पाहिजे. लेखकाचा पक्ष घेऊन लोखंड्यांस भ्याड ठरविणें सोपें आहे. पण हे तेच लोखंडे, ज्यांनीं मुंबईच्या गिरणी-कामगारांस प्रथम संघटित केलें. त्यांस भ्याड म्हणतां येत नाहीं. देशी भाषांतील पत्रांस जखडणारा १८७८ चा कायदा रद्द होऊन तेव्हां जेमतेम वर्ष लोटलें होतें, आणि ज्या समाजाजवळ दुसरें वर्तमानपत्र नव्हतें त्याचें एकुलतें एक पत्र त्यांच्या हातीं होतें. ‘असूड’ छापून पत्र बुडविणें, कीं पत्र राखून ‘असूड’ थांबविणें, अशी ती निवड होती. उलट पक्षीं जोतीरावांची बाजूहि तितकीच बळकट आहे. जें सांगण्यासाठीं पत्र निघालें तेंच त्यांत सांगतां येत नसेल तर पत्र राखून काय मिळविलें, या प्रश्नास लोखंड्यांजवळहि पुरें उत्तर नव्हतें. आमच्या मतें हा वाद भ्याड आणि शूर यांचा नव्हे. एकाच कार्याच्या दोन गरजा येथें एकमेकींस आडव्या आल्या, आणि संपादकास त्यांतील एकीचा पक्ष घ्यावा लागला. त्याची किंमत मराठी वाचकानें मोजली; शेतकऱ्याच्या स्थितीवरील एक मूलगामी ग्रंथ त्याच्या हातीं फार उशिरां पडला.

याच समाजाच्या पुढील पत्रांत याहून निराळी अडचण दिसते. ३१ जानेवारी १९२० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकारानें मूकनायक निघालें. आंबेडकर तेव्हां सिडनॅम कॉलेजांत प्राध्यापक होते व पत्रावर संपादक म्हणून पांडुरंग नंदराम भटकर यांचें नांव होतें. एप्रिल १९२७ मध्यें बहिष्कृत भारत निघालें तें आंबेडकरांच्या स्वतःच्या संपादनाखालीं. पाहुण्यांस आवरण्याचा प्रश्न येथें आलाच नाहीं. पाहुणे मिळेनात, हा प्रश्न होता. ज्या समाजास शतकानुशतकें अक्षरओळख नाकारली गेली, त्याच्या पत्रास लेखकांचा पुरवठा कोठून होणार? पाक्षिकाचे चोवीस चोवीस रकाने संपादकास एकट्यानें भरावे लागत. निबंधमालेचा एकहातीपणा हा आवडीचा होता. बहिष्कृत भारताचा लादलेला होता. दोन्ही फायली शेजारीं ठेवून केवळ पानांची मोजदाद करणाऱ्यास हा भेद कळणार नाहीं.

६. निष्कर्ष

वरील प्रसंगांवरून जुन्या नियतकालिकांचा साधन म्हणून उपयोग करणाऱ्यांनीं चार गोष्टी ध्यानांत ठेवाव्या असें आम्हांस वाटतें. पहिली, पत्ररूपानें आलेला मजकूर हा पत्रलेखकाचा समजावा. तो संपादकाचा समजण्यास स्वतंत्र पुरावा पाहिजे. दुसरी, निनांवी लेख म्हणजे संपादकाचा लेख हें गृहीत सोडून द्यावें. विशेषतः १९२२ पूर्वींच्या पत्रांत संपादक कोण हेंच कित्येकदां पत्रावरून ठरत नाहीं. तिसरी, खटल्यांत कोणास शिक्षा झाली यावरून लेख कोणाचा हें ठरवूं नये; कायद्याची दृष्टि जबाबदारीवर होती, कर्तृत्वावर नव्हती. चवथी, जें छापलें गेलें तेवढेंच साधन नव्हे; एखादी लेखमाला जेथें मध्येंच तुटते तेथेंहि इतिहास असतो, आणि तो शोधण्यासाठीं लेखकाकडील कागद व पत्राची फाईल दोन्ही जवळ ठेवावीं लागतात.

या शंभर वर्षांत संपादकांनीं बाहेरच्या लेखकांशीं जो व्यवहार केला, त्यांत आदर होता, सावधगिरी होती, प्रसंगीं नकारहि होता. पण छापलेल्या शब्दाचा भार आपल्या शिरावर आहे ही जाणीव त्यांतील थोरांनीं सोडली नाहीं. डोंगरीपासून कोल्हापूरपर्यंतचे खटले त्याची साक्ष देतात. त्या काळचें लेखन वाचतांना लेखकाचें नांव जसें आपण आवर्जून पाहतों, तसेंच तें कोणाच्या घरीं उतरलें होतें हेंहि पाहण्याची संवय अभ्यासकांनीं लावून घ्यावी, म्हणजे अनेक जुन्या वादांचा निर्णय अधिक न्यायानें करतां येईल.